पोटाची शिवण

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. शस्त्रक्रियेविषयीं बोलावें तें शस्त्रवैद्यांनीं. ज्याचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं, आणि ज्याचें सारें आयुष्य बुलढाणा जिल्ह्यांतील सुलतानपूर येथें मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेलें, अशा निवृत्त मास्तरानें या विषयांत कां शिरावें, असा प्रश्न कोणीं केला तर तो रास्तच होय. म्हणून त्याचें उत्तर आधीं देतों.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बंधूंच्या आंतड्यास छिद्र पडलें. दुखणें अंगावर काढण्यांत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशीं आम्ही त्यांना शहरांतील एका रुग्णालयांत नेलें. रात्रींच शस्त्रक्रिया झाली आणि प्राण वांचले. आठव्या दिवशीं सकाळीं त्यांना खोकल्याची उबळ आली, जखमेवरील पट्टी एकाएकीं गुलाबीसर पाण्यानें भिजली, आणि पोट आंतून उकललें असल्याचें दिसून आलें. त्यांना पुन्हां शस्त्रक्रियेच्या मेजावर घ्यावें लागलें. दादा त्यांतूनहि उठले. पण पोटावर एक फुगवटा राहिला आणि पोतें उचलणें कायमचें बंद झालें. शेतकऱ्याच्या घरांत याचा अर्थ काय होतो, तें सांगावयास नको.

त्या वेळीं मीं रागाच्या भरांत एका तरुण डॉक्टरांस विचारलें, “एवढा महागाचा दोरा, आणि तो तुटला कसा?” त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, “गुरुजी, दोरा तुटला नाहीं. तो जसाच्या तसा आहे. दोऱ्यानें मांस कापलें.”

हें उत्तर माझ्या मनांतून जाईना. निवृत्तीनंतर हातीं वेळ आला, तेव्हां पोटाच्या जखमा शिवण्याचा इतिहास मी जमेल तसा वाचूं लागलों; जेथें अडलें तेथें ओळखीच्या डॉक्टरांकडून समजून घेतलें. त्यांत मला असें दिसलें कीं, माणसानें फार काळ एकाच प्रश्नाचा विचार केला : दोरा कशाचा असावा? सालीचा, रेशमाचा, आंतड्याच्या तातीचा कीं नायलॉनचा? सुई कांठापासून किती दूर टोंचावी, दोन टांक्यांत किती अंतर ठेवावें आणि दोरा किती ओढावा, हा दुसरा प्रश्न त्यामानानें मागें राहिला. गेल्या पन्नास वर्षांत जें पक्कें ज्ञान हातीं आलें, तें मुख्यत: या दुसऱ्या प्रश्नापासून आलें. आज माझें सांगणें एवढेंच आहे.

प्रथम पोटाची भिंत कशी असते तें पाहूं. वर कातडी, तिच्याखालीं चरबी, मग स्नायु आणि त्यांना जोडलेला पांढरा चिवट पडदा, आणि सर्वांत आंत एक पातळ अस्तर. पोटाच्या मधोमध दोन्ही बाजूंचे चिवट पडदे एकत्र येऊन एक उभी पांढरी पट्टी तयार होते. घाईच्या प्रसंगीं शस्त्रवैद्य बहुधा तेथूनच पोट उघडतो, कारण तेथें रक्तस्राव कमी होतो आणि आंत लवकर पोंचतां येतें. आपण घरीं आल्यावर नातेवाइकांस जे टांके दाखवितों ते कातडीचे. खरा भार पेलतो तो खालचा चिवट पडदा, आणि त्याचे टांके कोणास दिसत नाहींत. हा पडदा सावकाश सांधतो. सुमारें दोन महिन्यांनीं त्याला पूर्वींच्या निम्में बळ येतें, वर्षभरानें चार-पंचमांश येतें, आणि पूर्ण बळ बहुधा कधींच परत येत नाहीं. या मधल्या काळांत खोकला, उलटी, पोटफुगी या सर्वांचा ताण टांक्यांनीं सोसावयाचा असतो.

आतां मागें वळूं. सुश्रुतसंहितेला आजचें रूप इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांत आलें असावें असें विद्वान मानतात. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली या ग्रंथाची प्रत, डल्हणाच्या टीकेसह, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रसिद्ध केली. त्यांतील सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत शिवण्याची सामग्री सांगितली आहे : अश्मंतकाच्या सालीचा धागा, ताग, जवसाचें सूत, स्नायूची तात, केस, मोरवेल आणि गुळवेल. अश्मंतक म्हणजे दसऱ्याला ज्याचीं पानें आपण सोनें म्हणून वांटतों तो आपटा, असें आपल्याकडे मानतात.

सामग्रीनंतर टांक्यांचे चार प्रकार येतात. वेल जशी खोडाभोंवतीं वळसे घेते तसा सलग टांका तो वेल्लितक. गोफणिका हा दुसरा. ज्यानें ज्वारीच्या मळ्यावर पांखरें हांकलीं आहेत, त्याला या नांवांतील गोफण ओळखूं येईल. तिसरा तुन्नसेवनी, म्हणजे रफूगाराचा टांका. चौथा ऋजुग्रंथि, म्हणजे प्रत्येक वेळीं सरळ गांठ मारून तोडलेला सुटा टांका. सुयाहि तीन प्रकारच्या आहेत, आणि धनुष्यासारखी वांकडी सुई मर्मस्थानें, वृषण आणि पोट यांच्यासाठीं राखून ठेविली आहे. आजच्या शस्त्रक्रियागृहांतहि पोटासाठीं वांकडीच सुई लागते.

परंतु या अध्यायांतील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. ग्रंथकार बजावतो कीं, सुई जखमेच्या कांठापासून फार दूर टोंचूं नये आणि फार जवळहि टोंचूं नये. फार दूर टोंचल्यास कांठास वेदना होते. फार जवळ टोंचल्यास कांठ फाटून निघतो. दोऱ्यानें मांस कापतें, हें त्या तरुण डॉक्टरांचें उत्तर येथें पूर्वींच नोंदलेलें आहे.

चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायांत तर आंतड्यांतील अडथळा दूर करण्यासाठीं बेंबीच्या खालीं डावीकडे पोट उघडण्याची कृति सांगितली आहे. आंतड्यास छिद्र असल्यास त्याचे कांठ जुळवून तेथें मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावून घ्यावें, त्यांचीं धडें तोडावीं, डोकीं तशींच राहूं द्यावीं, आंतडें आंत सारावें आणि मग पोट बाहेरून शिवावें, असा तो विधि आहे. मुंगीचा जबडा हा येथें टांक्याचें काम करी. हें वाचून अभिमान वाटतो आणि वाटावाहि. तथापि असे किती रोगी वांचले याची नोंद त्या ग्रंथांत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें. कृति लिहिणें आणि तिचें फळ मोजणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट जगाला फार उशिरां सुचली.

पश्चिमेकडे रोमच्या सेल्ससनें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलें कीं, पोटाची जखम शिवतांना नुसती कातडी किंवा नुसतें आंतील अस्तर शिवून भागत नाहीं, दोन्ही शिवलीं पाहिजेत. त्यानंतरच्या दीर्घ काळांत युद्धांत फाटलेलीं पोटें शिवलीं जात असत. परंतु रोग बरा करण्यासाठीं मुद्दाम पोट उघडणें हें मृत्यूला बोलावणें समजलें जाई. १८०९ सालीं अमेरिकेंतील केंटुकी प्रांतांत, डॅनव्हिल गांवीं, एफ्रेम मॅक्डॉवेल या शस्त्रवैद्यानें जेन टॉड क्रॉफर्ड या बाईच्या पोटांतील सुमारें २२ पौंडांची अंडाशयाची गांठ काढली. भुलीचें औषध नव्हतें. त्यानें जखम सुट्या टांक्यांनीं शिवली आणि दर दोन टांक्यांमध्यें एकेक चिकटपट्टी लाविली. ती बाई त्यानंतर तीस वर्षांहून अधिक जगली.

आपल्याकडे मुंबईस १८४५ सालीं ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, आणि १८५१ सालीं त्याच्या पहिल्या तुकडींतून जे विद्यार्थी बाहेर पडले त्यांत भाऊ दाजी लाड हे होते. त्या तुकडीचें शिक्षण चालू असतांनाच १८४६ सालीं अमेरिकेंत ईथरचा आणि १८४७ सालीं स्कॉटलंडांत क्लोरोफॉर्मचा उपयोग सिद्ध झाला. वेदनेचा प्रश्न सुटला. राहिला पू होण्याचा. तो १८६७ सालीं जोसेफ लिस्टरनें कार्बोलिक अॅसिडाच्या साहाय्यानें सोडविण्याचा मार्ग दाखविला, आणि पुढें दोनच वर्षांनीं जंतुरहित केलेल्या कॅटगटचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कॅटगट या नांवांत मांजर असलें तरी ती तात मेंढ्यांच्या वा गुरांच्या आंतड्यांची असते, आणि शरीरांत ती आपोआप विरून जाते. वेदना आणि पू या दोन भयांतून सुटल्यावर पोट उघडणें नित्याचें होऊं लागलें. १८९४ सालीं डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें, तेव्हां दूरदूरचे रोगी शस्त्रक्रियेसाठीं तेथें येऊं लागले.

उघडलेलें पोट बंद कसें करावें याविषयीं मात्र एकमत नव्हतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुष्कळ ठिकाणीं प्रत्येक थर वेगळा शिवण्याची चाल होती आणि त्यासाठीं कॅटगट वापरीत. येथें हिशेब चुकत होता. कॅटगटचें बळ दोन-तीन आठवड्यांत संपे आणि चिवट पडद्यास तर कित्येक महिने आधार हवा. पुढें नायलॉनसारखे न विरघळणारे दोरे आले. १९८० नंतरच्या दशकांत पॉलिडायॉक्सेनोनचा दोरा प्रचारांत आला; तो महिनाभर आपलें बरेंच बळ टिकवितो आणि सहा-सात महिन्यांत विरघळतो. आंतील पातळ अस्तर वेगळें शिवण्याची आवश्यकता नाहीं, असें १९७७ सालीं इंग्लंडमधील एका तौलनिक पाहणींत आढळलें. म्हणजे सेल्ससचा एक नियम तरी अनुभवाच्या कसोटीवर टिकला नाहीं.

१९७६ सालीं इंग्लंडांतील गिल्डफर्ड येथील शस्त्रवैद्य जेन्किन्स यांनीं एक निबंध लिहिला. फाटलेल्या पोटाचा प्रश्न त्यांनीं गणिताच्या शिक्षकासारखा मांडला, म्हणून तो मला विशेष आवडला. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगतें, तेव्हां जखमेची लांबी शेंकडा तीसपर्यंत वाढूं शकते. समजा, जखम २० सेंटिमीटर आहे. ती २६ होईल. दोरा ताणत नाहीं. मग वाढलेली लांबी कोठून मिळावयाची? दोरा पुरेसा लांब असेल तर टांक्यांच्या वेढ्यांतून मिळेल. आंखूड असेल तर तो मांस कापीत जाऊन ती लांबी मिळवील. जेन्किन्स यांनीं नियम दिला तो असा : जखमेच्या लांबीच्या निदान चौपट दोरा टांक्यांत गेला पाहिजे. २० सेंटिमीटर जखमेस ८० सेंटिमीटर. दादांच्या पोटांत काय झालें असेल, तें मला हा हिशेब फळ्यावर मांडून पाहिल्यावर प्रथम नीट कळलें.

यानंतर प्रश्न आला तो सलग टांका बरा कीं सुटा. सुट्या टांक्याचा पुरस्कर्ता म्हणे, एक टांका निसटला तरी बाकीचे धरून राहतात. सलग टांक्याचा पुरस्कर्ता म्हणे, एकाच दोऱ्यांत ताण सर्वत्र सारखा वांटला जातो, गांठी कमी पडतात आणि वेळ वांचतो. सुश्रुताचा वेल्लितक आणि ऋजुग्रंथि यांचाच हा वाद होय. जर्मनींत ६२५ रोग्यांवर या दोन्ही रीतींची तुलना केली गेली आणि २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षअखेर त्यांत लक्षांत घेण्याजोगा फरक दिसला नाहीं. तरीसुद्धां आधीं ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांसाठीं, अनेक पाहण्या एकत्र करून पाहतां, सावकाश विरघळणारा सलग दोरा बरा, असें मत पुढें रूढ झालें.

मग स्वीडनमधील सुंड्सव्हाल येथें एक जुनीच समजूत तपासून पाहण्यांत आली. सुईचा घांस मोठा घेतला म्हणजे पकड भक्कम होते, असें पिढ्यान् पिढ्या शिकविलें जात होतें; कांठापासून एक सेंटिमीटर किंवा अधिक अंतर ठेवीत. तेथील शस्त्रवैद्यांनीं ७३७ रोग्यांमध्यें मोठा घांस आणि लहान घांस यांची तुलना केली. लहान घांसांत सुई कांठापासून केवळ पांच ते आठ मिलिमीटरवर आणि फक्त चिवट पडद्यांतून घेतली जाई. २००९ सालीं त्यांनीं कळविलें कीं, मोठ्या घांसाच्या गटांत शेंकडा १८ जणांना पुढें जखमेच्या जागीं अंतर्गळ, म्हणजे ज्याला आज घरोघर हर्निया म्हणतात तो, झाला. लहान घांसाच्या गटांत शेंकडा ५.६ जणांना. जखमेंत पू होण्याचें प्रमाणहि निम्म्यावर आलें. कारण सोपें आहे. मोठ्या घांसांत चरबी आणि स्नायु आवळले जातात. आवळलेल्या मांसाचें रक्त अडतें, तें मऊ पडतें, त्यांत दोरा सैल होतो आणि कांठ एकमेकांपासून सरकतात.

नेदरलँड्समध्यें दहा रुग्णालयांतील ५६० रोग्यांवर हाच प्रयोग पुन्हां झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ सालीं आला. एक सेंटिमीटरच्या टांक्यांनीं शिवलेल्यांत वर्षभरांत शेंकडा २१ जणांना अंतर्गळ झाला, पांच मिलिमीटरच्या टांक्यांनीं शिवलेल्यांत शेंकडा १३ जणांना. पहिल्या रीतींत सरासरी २५ टांके पडले आणि १० मिनिटें लागलीं. दुसरींत ४५ टांके पडले आणि १४ मिनिटें लागलीं. श्रोतेहो, या दोन आंकड्यांमधील वजाबाकी करून पाहा. चार मिनिटें! शंभरांतील आठ माणसांना पुढचा फुगवटा, पट्टा आणि कदाचित् दुसरी शस्त्रक्रिया टळते ती एवढ्या वेळांत. मात्र हीं चार मिनिटें शस्त्रक्रियेच्या अगदीं शेवटीं येतात, जेव्हां मुख्य काम झालेलें असतें, हात थकलेले असतात आणि बाहेर दुसरा रोगी वाट पाहत असतो.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. वरील डच प्रयोग आधीं ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचा होता. दादांसारखा रोगी, ज्याच्या पोटांत पू पसरलेला आहे, जो अशक्त आहे आणि मध्यरात्रीं मेजावर आला आहे, त्याला तोच नियम जसाच्या तसा लावतां येईलच असें नाहीं. अशा रोग्यांत एकच सलग दोरा एका जागीं मांस कापूं लागला तर सारी शिवण ढिली पडते. म्हणून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील शस्त्रवैद्यांनीं फुलीच्या आकाराचे सुटे टांके घालण्याची रीत सलग टांक्याशीं तोलून पाहिली आणि २००४ सालीं ती फाटणाऱ्या पोटावर उपकारक असल्याचें मांडलें. आपल्याकडे पुष्कळ रोगी उशिरां येतात; म्हणून आपल्या रोग्यांसाठीं आपल्याच लोकांनीं केलेल्या अशा तुलनांचें मोल मोठें आहे.

एवढें करूनहि जखमेंतून अंतर्गळ निघालाच तर? तेव्हां नुसत्या टांक्यांवर विसंबणें पुरत नाहीं. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका डच तुलनेंत, असे अंतर्गळ केवळ शिवून बंद केले असतां तीन वर्षांत शेंकडा ४३ पुन्हां उद्भवले. जाळी बसवून बंद केले असतां २४. पण तयार जाळी महाग. खानदेशांत, धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचा येथील शस्त्रवैद्य डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनीं मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून तें अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेंत वापरलें, आणि २००३ सालीं सहकाऱ्यांसह अनेक ठिकाणच्या अनुभवाचा निबंध प्रसिद्ध केला. पुढें युगांडांत ३०२ पुरुषांच्या जांघेंतील अंतर्गळावर मच्छरदाणीच्या कापडाची जाळी आणि कारखान्याची महाग जाळी यांची तुलना झाली. २०१६ सालीं आलेल्या तिच्या निष्कर्षांत वर्षभरांत स्वस्त जाळीच्या गटांत एक अंतर्गळ परत आला, महाग जाळीच्या गटांत एकहि नाहीं. हा फरक नगण्य ठरला. एका जाळीची किंमत सुमारें एक डॉलर होती, दुसरीची सव्वाशें. तालुक्याच्या गांवीं काम करणाऱ्या माणसाची कल्पना जगाच्या कामीं कशी येते, याचें हें उदाहरण आहे.

आतां आवरतें घेतों. माझी आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत असे. माझी बहीण लवकर संपावें म्हणून लांब टांके घाली आणि दोरा ओढून घट्ट करी. आई म्हणे, “बाई, कापड जुनं आहे. दोरा ओढूं नको, टांका लहान घे.” तिला पोटाच्या शस्त्रक्रियेची कांहीं माहिती नव्हती, आणि गोधडीचें कापड सांधत नाहीं, माणसाचें पोट सांधतें, हा फरक तर मोठाच आहे. तरी टांक्यानें फक्त कांठ जवळ धरावयाचे असतात, आवळावयाचे नसतात, एवढी गोष्ट दोहोंकडे सारखी आहे.

आपल्या घरीं कोणाच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली तर टांक्यांची निवड आपल्या हातीं नसते. पण खोकतांना जखमेवर उशी दाबून धरणें, डॉक्टर सांगतील तितके आठवडे ओझें न उचलणें, तंबाखूचा धूर आधींपासून सोडणें, आणि पट्टी अचानक गुलाबी पाण्यानें भिजली तर क्षणाचाहि विलंब न करतां डॉक्टरांस कळविणें, हें आपल्या हातीं आहे. आणि पोट दुखूं लागल्यावर दोन दिवस वाट न पाहणें, हेंहि. आम्हीं ते दोन दिवस घालविले. त्याची किंमत दादांनीं दिली, आणि ती आठवण मनांत असल्यामुळेंच मी आज आपला एवढा वेळ घेतला.